एका अक्षरावर पारखलेली विक्शनरी

शब्दकोश चांगला आहे की नाही हे ठरवायचे असेल, तर त्यात ‘किंकर्तव्यविमूढ’ यासारखा लांबलचक शब्द शोधून फारसा उपयोग होत नाही. असा शब्द एकाच भाषेच्या घरात जन्मलेला असतो, त्याचा अर्थ ठरलेला असतो आणि कोणताही कोशकार तो जुन्या कोशातून निर्धास्तपणे उतरवून घेऊ शकतो. कोशाचा खरा कस लागतो तो एका अक्षराच्या शब्दावर, कारण जितका शब्द लहान तितक्या अधिक भाषांत तो योगायोगाने सापडतो आणि तितकेच त्याच्या जन्माविषयीचे गैरसमजही जास्त असतात. म्हणून विक्शनरी या मुक्त, बहुभाषी कोशाची परीक्षा घेताना मी ‘मा’ हा एकच शब्द निवडला आणि काही दिवस त्याच्याच मागे लागलो. हे परीक्षण त्या एका अक्षरापुरते आहे, पण शितावरून भाताची परीक्षा करण्याची मुभा परीक्षकाला असावी.

विक्शनरीची इंग्रजी आवृत्ती १२ डिसेंबर २००२ रोजी सुरू झाली आणि विकिपीडिया चालवणारे विकिमीडिया फाउंडेशनच तीही चालवते. वाचकाला शुल्क नाही, जाहिराती नाहीत आणि नोंदी लिहिणारे स्वयंसेवक आहेत, या गोष्टी बहुतेकांना ठाऊक असतात. तिची मूळ रचना मात्र अनेकांच्या लक्षात येत नाही. एरवीचा द्वैभाषिक कोश एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेतो, तर विक्शनरीत पान असते ते लेखनाचे. एका विशिष्ट अक्षरांनी लिहिलेला शब्द जगातील ज्या ज्या भाषांत असेल, त्या सर्व भाषा त्या एकाच पानावर एकाखाली एक येतात. एका रात्रीपुरते धर्मशाळेत उतरलेल्या पांथस्थांप्रमाणे त्या शेजारी शेजारी असतात, पण त्यांचे एकमेकांशी नाते असेलच असे नाही. हे नाते कोश किती प्रामाणिकपणे सांगतो, हाच माझ्या परीक्षेचा मुख्य प्रश्न होता.

रोमन लिपीतले ‘मा’ हे पान उघडले की पहिल्या काही मिनिटांतच या रचनेची गंमत कळते. इटालियनमध्ये ‘मा’ म्हणजे ‘पण’, हंगेरियनमध्ये ‘आज’, पोलिशमध्ये ‘त्याच्याकडे आहे’, फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी नामापूर्वी येणारे ‘माझी’ आणि एस्टोनियनमध्ये ‘मी’. माल्टीज भाषेत तोच शब्द नकार दर्शवतो, तर स्वाहिलीत तो अनेकवचन करणारा उपसर्ग आहे, म्हणजे ‘तुंदा’ हे एक फळ आणि ‘मातुंदा’ ही अनेक. एवढ्या छोट्या ध्वनीत उभयान्वयी अव्यय, क्रियाविशेषण, क्रियापद, सर्वनाम आणि उपसर्ग असे व्याकरणाचे जवळजवळ सगळे खाते भरलेले पाहिल्यावर शाळेत शिकलेल्या शब्दांच्या जाती नव्याने आठवतात. पानावर इंग्रजी विभाग आधी येतो आणि बाकीच्या भाषा त्यांच्या इंग्रजी नावांच्या वर्णानुक्रमाने लागतात. ही व्यवस्था शोधण्यासाठी सोयीची असली, तरी नाते समजून घेण्यासाठी तिचा काडीचाही उपयोग नाही, कारण फ्रेंच आणि इटालियन या सख्ख्या बहिणी तिथे एकमेकींपासून दूर पडतात.

विक्शनरी लेखनाबाबत कमालीची काटेकोर आहे. लहान आणि मोठी रोमन अक्षरे तिच्या लेखी वेगळी आहेत, त्यामुळे भूशास्त्रात दशलक्ष वर्षांसाठी वापरले जाणारे चिन्ह एका पानावर, मिलिअँपिअरचे चिन्ह दुसऱ्या पानावर आणि साधा शब्द तिसऱ्या पानावर मिळतो. अक्षराच्या डोक्यावर किंवा पायाशी चिन्ह आले की पान बदलते. तिरकी रेघ दिलेला ‘मा’ चेक आणि स्लोव्हाक भाषांत ‘त्याच्याकडे आहे’ असा अर्थ देतो, आयरिशमध्ये ‘जर’ होतो. आडवी रेघ दिलेला ‘मा’ माओरीत ‘पांढरा’ असतो. पानाच्या अगदी वरच्या ओळीत अशा जवळच्या लेखनांचे दुवे दिलेले असतात आणि नवख्या वाचकाने सर्वांत आधी नजर टाकावी ती तिथेच. मी स्वतः पहिल्या दिवशी ती ओळ ओलांडून थेट खाली गेलो आणि अर्धे कुटुंब नजरेआड केले.

या चिन्हांचे महत्त्व सर्वांत स्पष्ट होते ते सूर बदलला की अर्थ बदलणाऱ्या भाषांत. प्रमाण चिनी भाषेत सपाट वरच्या सुरात ‘मा’ म्हणजे आई, चढत्या सुरात ताग, खाली जाऊन वर येणाऱ्या सुरात घोडा, उतरत्या सुरात शिव्या देणे आणि सूर न लावता वाक्याच्या शेवटी म्हटला तर प्रश्न. व्हिएतनामीत सूर सहा आहेत आणि प्रत्येकाला स्वतंत्र अर्थ मिळाला आहे. भूत, आई किंवा गाल, ‘पण’, थडगे, घोडा आणि भाताचे रोप हे सगळे अर्थ एका ‘मा’च्या सुरांवर उभे आहेत. थाई भाषेत मधल्या सुरात ‘ये’, वरच्या सुरात ‘घोडा’ आणि चढत्या सुरात ‘कुत्रा’ होतो. भाषाशिक्षणाच्या पुस्तकांत ही उदाहरणे इतक्यांदा येतात की ती गुळगुळीत झाली आहेत, हे खरे. विक्शनरीचा गुण असा की ती तेवढ्यावर थांबत नाही. चिनी अक्षराच्या पानावर गेले की त्याची घडणही उलगडून सांगितलेली असते. आई या अर्थाच्या अक्षरात डावीकडे ‘स्त्री’ आणि उजवीकडे ‘घोडा’ असतो. आईचा घोड्याशी काही संबंध आहे असा त्याचा अर्थ नव्हे. घोडा तिथे फक्त उच्चार सुचवण्यासाठी उभा केला आहे. प्रश्नार्थक ‘मा’च्या अक्षरात तोच घोडा ‘तोंड’ या चिन्हाशेजारी बांधलेला दिसतो. व्हिएतनामीतला घोडा चिनीतून उसना आलेला आहे आणि ‘पण’ या अर्थाचा व्हिएतनामी ‘मा’ व त्याच अर्थाचा इटालियन ‘मा’ यांची मात्र आयुष्यात कधी भेट झालेली नाही.

देवनागरीतल्या ‘मा’च्या पानावर आलो तेव्हा मला घरी आल्यासारखे वाटले आणि लगेच घरातही किती अनोळखी माणसे राहतात हे कळले. एकट्या संस्कृतातच ‘मा’ एक नाही. पहिला ‘मा’ निषेधाचा, म्हणजे ‘नको’ सांगणारा. भगवद्गीतेतील ‘मा शुचः’ हे त्याचे सर्वांच्या कानांवरून गेलेले रूप. दुसरा ‘मा’ हा ‘माम्’ या द्वितीयेच्या रूपाचा आखूड जोडीदार, अर्थ ‘मला’. तिसरा धातू, अर्थ ‘मोजणे’. चौथा लक्ष्मीचे नाव, ज्यावरून ‘माधव’ म्हणजे लक्ष्मीचा पती अशी फोड परंपरेने केली, जरी त्याच शब्दाची ‘मधु’पासून केलेली व्युत्पत्तीही तितकीच जुनी आणि अधिक सरळ आहे. एका भाषेतल्या अशा वेगवेगळ्या उगमांसाठी विक्शनरी ‘व्युत्पत्ती १’, ‘व्युत्पत्ती २’ असे स्वतंत्र मथळे देते, आणि माझ्या मते संपूर्ण कोशातली ही सर्वांत मोलाची सोय आहे. अर्थ वेगळे असणे आणि उगम वेगळे असणे या दोन गोष्टींत सामान्य वाचक गल्लत करतो. एका उगमातून दहा अर्थ फुटू शकतात आणि दहा उगम झिजत झिजत एकाच उच्चारावर येऊन थांबू शकतात. मथळ्यातला तो आकडा पाहिला की आपण कोणत्या प्रकारासमोर आहोत हे लगेच कळते.

मोजण्याच्या ‘मा’चा संसार सर्वांत मोठा आहे. माप, मात्रा, मान, प्रमाण, परिमाण, अनुमान, उपमा, प्रतिमा आणि निर्माण हे सगळे शब्द त्याच्याच पोटचे आहेत. आकाशात वेळ मोजण्याचे साधन म्हणजे चंद्र, म्हणून ‘मास’ही त्याच घराण्यातला मानतात आणि इंग्रजीतले ‘मून’ व ‘मंथ’ हे त्याचे दूरचे चुलते ठरतात. मराठीत या धातूचे सर्वांत लोभस रूप ‘मावणे’ हे आहे. एखादी वस्तू पेटीत मावते, आनंद गगनात मावत नाही, असे म्हणताना आपण नकळत मोजणीच करत असतो आणि ती मोजणी फसल्याचेही सांगत असतो. ‘माता’ हा शब्दही याच धातूवरून, म्हणजे ‘निर्माण करणारी’ या अर्थाने आला असे आपल्याकडे अनेकदा सांगितले जाते. विक्शनरीत व्युत्पत्तीच्या दुव्यांवरून मागे मागे गेले की हे टिकत नाही असे दिसते. संस्कृत, ग्रीक, लॅटिन आणि इंग्रजी यांची अभ्यासकांनी अनुमानाने उभी केलेली पूर्वज म्हणजे भारत-युरोपीय मूळ भाषा. तिच्या पुनर्रचनेत मोजण्याच्या आणि निषेधाच्या मुळांना एका प्रकारचा कंठ्य ध्वनी लावतात, तर मातेच्या मुळाला दुसऱ्या प्रकारचा. त्यांच्या पायाशी लिहिलेले १ आणि २ हे बारीक आकडे तेवढ्यासाठीच असतात. निषेध आणि मोजणी ही दोन मुळे मात्र पुनर्रचनेतही सारखीच दिसतात, म्हणजे एकाच उच्चाराचे हे दोन शब्द हजारो वर्षांपासून शेजारी नांदत असले पाहिजेत.

निषेधाच्या ‘मा’पाशी मी सर्वांत जास्त रेंगाळलो. संस्कृत व्याकरणात त्याचे वजन इतके की पाणिनीने त्याच्यासाठी स्वतंत्र सूत्रे केली. ‘माङि लुङ्’ या सूत्राने त्याच्याबरोबर क्रियापदाचे विशिष्ट भूतकाळी रूप येते आणि ‘न माङ्योगे’ या सूत्राने त्या रूपाच्या आधीचा ‘अ’ गळतो. म्हणूनच आपण ‘मा शुचः’ म्हणतो, ‘मा अशुचः’ म्हणत नाही. रामायणातल्या ‘मा निषाद’ या प्रसिद्ध श्लोकात हा ‘अ’ शिल्लक राहिला आहे आणि टीकाकारांनी त्याचे समर्थन करण्यासाठी बरीच शाई खर्ची घातली आहे. या ‘मा’ची खरी भावंडे म्हणजे प्राचीन ग्रीकमधला निषेधार्थी ‘मे’, आर्मेनियनमधला ‘मि’ आणि फारसीत आज्ञार्थाच्या आधी लागणारा जुना ‘म’. इथपर्यंत सगळे एका कुळातले आहेत.

पुढे जे दिसते ते खरोखर चक्रावून टाकणारे आहे. अरबीत ‘मा’ नकारार्थी आहे आणि माल्टीजने तो तिथूनच घेतला. तुर्कीत ‘बाक’ म्हणजे पाहा आणि ‘बाकमा’ म्हणजे पाहू नकोस. तिबेटीत आणि बर्मीत क्रियापदापूर्वी ‘म’ आला की नकार होतो. कोरियनमध्ये ‘हाजी मा’ म्हणजे करू नकोस. एकमेकींशी नाते सिद्ध न झालेल्या अशा भाषाकुळांत ओठ मिटून निघणाऱ्या त्याच ध्वनीने माणूस नको म्हणतो. समाजमाध्यमांवर फिरणारे लेख इथे लगेच निष्कर्ष काढतात की या साऱ्याचा उगम एकच आणि तो आपल्याच भाषेत. विक्शनरी हा मोह टाळते. कोरियन ‘मा’च्या नोंदीतून तुम्ही ‘थांबणे, न करणे’ या अर्थाच्या ‘माल्दा’ या क्रियापदाकडे जाता आणि कळते की ‘मा’ हे त्या क्रियापदाचे आखडलेले रूप आहे. अरबी ‘मा’चा दुसरा अर्थ ‘काय’ असा आहे, हिब्रूत त्याचा भाऊ ‘मा’ आजही ‘काय’ याच अर्थाने वापरला जातो आणि अरबीतला नकार या प्रश्नातूनच जन्मला असे एक मत आहे. मराठी माणसाला हे पटवून देण्यास फार कष्ट पडू नयेत. ‘मला काय ठाऊक’ या वाक्यात ‘नाही’ हा शब्द कुठेच नसतो, तरी त्याचा अर्थ ‘मला ठाऊक नाही’ असाच होतो.

याच्या उलटा प्रवासही घडतो. चिनीतला प्रश्नार्थक ‘मा’ हा एका प्राचीन नकारार्थी शब्दाचा झिजलेला अवशेष आहे असे मानले जाते. वाक्याच्या शेवटी जोडलेला ‘नाही’ हळूहळू निव्वळ प्रश्नचिन्ह झाला. आपण ‘येतोस ना’ असे विचारतो तेव्हा तो ‘ना’ नेमके हेच काम करत असतो. विक्शनरीत ही मराठी तुलना मिळत नाही, ती वाचकाने आपल्या मनाने करायची असते. पण ती सुचावी इतका कच्चा माल कोश पुरवतो, आणि कोशाकडून माझी अपेक्षा तेवढीच असते.

आई या अर्थाच्या ‘मा’चे काय, हा प्रश्न टाळता येत नाही, कारण पुष्कळ लोक या पानावर येतील ते त्याच्यासाठीच. इथे कारण भाषेत नसून बाळाच्या तोंडात आहे. मानवशास्त्रज्ञ जॉर्ज मर्डॉक यांनी १९५९ साली आईवडिलांसाठीचे १,०७२ शब्द जगभरातून गोळा करून प्रसिद्ध केले आणि भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोब्सन यांनी त्यांच्या आधारे असे मांडले की आईच्या शब्दांत ‘म’, ‘न’ यांसारखी अनुनासिके निम्म्याहून अधिक वेळा येतात, वडिलांच्या शब्दांत मात्र क्वचित. स्तनपान करताना ओठ बंद असतात आणि त्या अवस्थेत बाळाला नाकातून हुंकार तेवढा देता येतो. तोच हुंकार पुढे भुकेची हाक बनतो आणि आई ती हाक स्वतःचे नाव समजते, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. म्हणजे हे शब्द एका भाषेतून दुसरीत गेलेले नसून प्रत्येक घरी नव्याने जन्मतात. अपवाद पाहिले की हा मुद्दा अधिकच चांगला समजतो. जॉर्जियन भाषेत ‘मामा’ म्हणजे वडील आणि ‘देदा’ म्हणजे आई. मराठीत ‘मामा’ आईचा भाऊ असतो. जपानीत आईला ‘हाहा’ म्हणतात आणि त्या शब्दाचे प्राचीन रूप ‘पापा’ असे होते. तिबेटीत तर ‘म’ हाच शब्द आईही आहे आणि नकारही. दोन्ही नोंदी एका पानावर शेजारी वाचताना थोडा वेळ थबकायला होते.

कोशाचे सर्वांत मोठे सामर्थ्य मला दिसले ते वरवर न दिसणाऱ्या नात्यांत. इटालियन ‘मा’ लॅटिनच्या ‘मागिस’ या शब्दापासून आला आहे, ज्याचा अर्थ ‘अधिक’. ‘अधिक हे की’, ‘उलट’ असे म्हणता म्हणता त्याचा ‘पण’ झाला. फ्रेंचचा ‘मे’ आणि पोर्तुगीजचा ‘मश’ हेही त्याच वाटेने आले. ‘मागिस’च्या मागे जे भारत-युरोपीय मूळ आहे त्याचा अर्थ ‘मोठा’, आणि त्याच मुळापासून संस्कृतचा ‘महत्’ निघाला. तेव्हा इटालियन माणूस ‘पण’ म्हणून जो शब्द उच्चारतो तो आपल्या ‘महा’ या शब्दाचा सातासमुद्रापलीकडचा भाऊबंद आहे, तर आपल्या ‘मा’शी त्याचा काही संबंध नाही. फ्रेंचचा ‘मा’ आणि मराठीचा ‘माझा’ यांचेही तसेच. फ्रेंच रूप लॅटिनच्या ‘मेआ’पासून आले, मराठी रूप संस्कृत ‘मह्यम्’ आणि प्राकृत ‘मज्झ’ यांतून, आणि दोन्हींच्या तळाशी ‘मी’चा एकच ‘म’ आहे. एस्टोनियन ‘मा’ म्हणजेही ‘मी’, तरी ती भाषा युरालिक या वेगळ्या भाषाकुळातली असल्याने त्या साम्याचा अर्थ काय लावायचा यावर अभ्यासकांत वाद चालू आहे. सारखे दिसणारे परके आणि वेगळे दिसणारे सख्खे, हा प्रकार समजून घ्यायचा असेल तर ऑस्ट्रेलियातील म्बाबाराम भाषेचे उदाहरण विक्शनरीत अवश्य पाहावे. त्या भाषेत कुत्र्याला ‘डॉग’ म्हणत आणि इंग्रजीशी त्याचे काहीही नाते नाही. शेजारच्या भाषांत टिकून राहिलेल्या ‘गुडागा’ या जुन्या शब्दातून ध्वनिबदलाच्या नियमांनी तो तिथवर पोचला आहे.

पुनर्रचित रूपांपुढे विक्शनरी तारांकन (*) देते आणि ही शिस्त बहुतेक ठिकाणी पाळली जाते. तारांकन म्हणजे हे रूप कोणत्याही शिलालेखात किंवा ग्रंथात सापडलेले नाही, तर उरलेल्या भाषांची तुलना करून अभ्यासकांनी ते अनुमानाने उभे केले आहे. हे चिमुकले चिन्ह वाचकाला किती दिलासा देते ते व्युत्पत्तीच्या नावाखाली ठोकून दिलेली विधाने ज्याने वाचली असतील त्यालाच समजेल. त्याखेरीज प्रत्येक पानामागे चर्चेचे पान आणि बदलांचा संपूर्ण इतिहास असतो. एखादी व्युत्पत्ती संशयास्पद वाटली तर ती कधी आणि कोणत्या बदलात शिरली हे तपासता येते. सुप्रतिष्ठित भाषेतला शब्द कोशात राहण्यासाठी किमान एक वर्षाच्या कालावधीत पसरलेले तीन स्वतंत्र लेखी वापर दाखवावे लागतात. ज्या भाषांत लेखन कमी आहे त्यांना एका पुराव्यावरही प्रवेश मिळतो. ही सवलत मला न्याय्य वाटते, कारण तीन पुराव्यांची अट सरसकट लावली असती तर म्बाबाराम भाषा दारातच अडली असती.

उणिवा सांगायच्या तर पहिली उणीव रचनेतूनच येते. पान लेखनाचे असल्यामुळे एकच ध्वनी लिप्यांच्या भिंतींनी तुकडे तुकडे होतो. अरबी ‘मा’ अरबी लिपीच्या पानावर, तमिळ तमिळच्या, थाई थाईच्या आणि गुजराती गुजरातीच्या. गुजरातीत ‘मा’ म्हणजे आई, अनुस्वारासह ‘मां’ म्हणजे ‘मध्ये’, आणि जुन्या काव्यात तोच ‘मा’ निषेधाचाही आहे. म्हणजे देवनागरीतल्या ‘मा’चा तो सर्वांत जवळचा नातलग, पण लिपी वेगळी म्हणून पान वेगळे. तमिळमध्ये ‘मा’ म्हणजे आंबा, पीठ आणि एक विसांश हा अपूर्णांकही. इंग्रजीतला ‘मँगो’ ज्या द्राविडी शब्दातून पोर्तुगीजांच्या तोंडून युरोपात गेला त्याच्या आरंभी हाच ‘मा’ आहे. ज्याला तमिळ लिपी येत नाही त्या वाचकाला हे पान आपण होऊन सापडणे कठीण आहे. चिनी आणि जपानी शब्दांसाठी रोमन रूपांची पाने करून ठेवली आहेत, त्यामुळे ‘मा’ म्हणजे जपानीत दोन वस्तूंमधले किंवा दोन क्षणांमधले अंतर हे रोमन पानावरून पुढे जाऊन कळू शकते. तशी वाट प्रत्येक लिपीसाठी नाही.

दुसरी उणीव स्वयंसेवी कामाची आहे आणि तिचा दोष कोणाला देता येत नाही. ज्या भाषेचे जाणकार अधिक, तिची नोंद भरगच्च. ज्या भाषेचे कोणी नाही, तिला एका शब्दाचा अर्थ देऊन मोकळे केलेले असते. व्युत्पत्तीला संदर्भ दिला आहे की नाही हे प्रत्येक वेळी पाहावे लागते. म्हणून भारतीय-आर्य भाषांपुरते तरी विक्शनरीतले वाचून झाल्यावर राल्फ टर्नर यांचा १९६६ साली पूर्ण झालेला तुलनात्मक कोश आणि मराठीसाठी कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६ चा व्युत्पत्तिकोश उघडण्याची सवय ठेवावी, असे मी सुचवेन. टर्नर यांचा कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतो. त्यात खोली अधिक आहे आणि विधानामागे एका विद्वानाची जबाबदारी आहे. पण तिथे हंगेरियन, कोरियन आणि माओरी भेटणार नाहीत, आणि लहान शब्दाचा तमाशा कळायला ती गर्दीच हवी असते.

तिसरी गोष्ट उणीव म्हणावी की संधी, हे मला ठरवता आलेले नाही. विक्शनरीच्या प्रत्येक आवृत्तीचे ध्येय सर्व भाषांतले शब्द आपल्या भाषेत समजावून देणे हे आहे. म्हणजे मराठी विक्शनरीने तेलुगू ‘मा’, हंगेरियन ‘मा’ आणि इटालियन ‘मा’ मराठीतून सांगायचा आहे. आज मराठी आवृत्तीतल्या नोंदींची संख्या आणि त्यांची खोली इंग्रजीच्या पासंगालाही पुरत नाही, म्हणून मराठी वाचक इंग्रजी आवृत्तीकडे वळतो, आणि तिथे अर्थ इंग्रजीच्या चाळणीतून येतो. तेलुगूतला ‘मा’ हे याचे उत्तम उदाहरण. त्याचा अर्थ ‘आमचा’, म्हणजे ऐकणाऱ्याला वगळून. ऐकणाऱ्यासकट म्हणायचे असेल तर तेलुगू माणूस ‘मन’ म्हणतो. इंग्रजीत या दोन्हींसाठी एकच शब्द असल्याने तिथे दर वेळी खुलासा जोडावा लागतो. मराठीत ‘आमचा’ आणि ‘आपला’ एवढे म्हटले की काम झाले, कारण हा भेद आपल्या जिभेवर आधीपासूनच आहे. निषेधाच्या ‘मा’साठीही ‘नको’ या एका शब्दाने जे साधते ते इंग्रजीत साधत नाही.

मराठीच्या स्वतःच्या ‘मा’साठी तर मराठी आवृत्तीइतकी योग्य जागा दुसरी नाही. जुन्या मराठीत, ज्ञानेश्वरीच्या काळात, ‘मा’ हा ‘मग’ किंवा ‘तर’ या अर्थाचा अव्यय होता आणि आज तो बोलीतून जवळजवळ नाहीसा झाला आहे. आई या अर्थाचा ‘मा’ ‘माय’च्या सोबतीने कवितेत टिकून आहे. निमंत्रणपत्रिकेवर नावाआधी बिंदू देऊन छापलेला ‘मा.’ हा ‘माननीय’चा संक्षेप आहे; तो ‘मन्’ धातूचा, म्हणजे मानण्याचा, मोजण्याच्या ‘मा’शी त्याचा संबंध नाही. या तीन नोंदी, त्यांचे तीन वेगळे उगम आणि ‘मावणे’कडे जाणारा एक दुवा, एवढे काम कोणाही जाणकाराला दोन तासांत करता येईल, कारण संपादनाची कळ पानाच्या माथ्यावरच आहे. इंग्रजी आवृत्तीला मी पाचपैकी साडेचार गुण देतो. मराठी आवृत्तीला आज दीड देतो, आणि ‘मग’ या अर्थाच्या ‘मा’साठी ज्ञानेश्वरीतल्या ओव्या शोधायला कालपासून सुरुवात केली आहे.